खलनायकाचे गाव कोणते?

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला थांबते. कांद्याच्या बाजारपेठेमुळे आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. चित्रपटाशी त्याचे नाव सहसा कोणी जोडीत नाही. तरीही साहसपटांतील सुष्ट आणि दुष्ट यांच्या झगड्याविषयी काही विचार करावयाचा तर लोणंदच्या फलाटासारखी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. या फलाटावरून दक्षिणेकडे निघालेले रूळ वाठार, सातारा, कोरेगाव, कराड अशी स्थानके घेत शेणोलीपर्यंत पोचतात, आणि या एका लोहमार्गाच्या दुतर्फा गेल्या दोनशे वर्षांत जे घडले त्याने चित्रपटातील नायक आणि खलनायक यांची सोपी वाटणी पार विसकटून टाकली आहे.

जगातील साहसपटाची परंपरा आगगाडीच्या दरोड्यापासून सुरू होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एडविन पोर्टर या अमेरिकन दिग्दर्शकाने १९०३ मध्ये 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट काढला. दरोडेखोर गाडी अडवितात, तिजोरी फोडतात, उतारूंना लुटतात आणि अखेर पाठलाग करणाऱ्यांच्या गोळ्यांनी मरतात. सुष्ट कोण आणि दुष्ट कोण याविषयी तेथे क्षणभरही संदेह नाही. या चित्रपटात एक सुटे दृश्य होते. दरोडेखोरांचा म्होरक्या थेट प्रेक्षकांकडे तोंड करून पिस्तूल झाडतो. हे दृश्य खेळाच्या आरंभी दाखवावे की शेवटी, याची मोकळीक खेळ दाखविणाऱ्यास दिलेली होती. कथेत त्याची जागा कोठेही चालत होती. दुष्टपणा बाहेरून येतो आणि आपल्यावर रोखलेला असतो, एवढे प्रेक्षकाच्या मनावर ठसले म्हणजे काम झाले.

त्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, ७ जून १९४३ रोजी, सातारा जिल्ह्यात शेणोलीजवळ एक गाडी अडविण्यात आली. गाडीत इंग्रज सरकारच्या नोकरांच्या पगाराची रक्कम होती. अडविणारे होते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेतील तरुण, पुढारी जी. डी. बापू लाड आणि पुढे 'कॅप्टन भाऊ' म्हणून ओळखले गेलेले रामचंद्र लाड. पोर्टरच्या चित्रपटातील सारे साहित्य तेथे हजर होते. रुळांवरचा अडथळा, थांबलेले इंजिन, पैशाची पेटी आणि पळून जाण्याची वाट, यांत काहीही कमी नव्हते. उलटा झाला होता तो केवळ न्याय. सरकारच्या दप्तरात हा दरोडाच होता, पण कुंडलच्या परिसरात आजही तो पराक्रम म्हणून सांगितला जातो. २०२२ मध्ये कॅप्टन भाऊंचे निधन झाले. 'लूट' हा शब्द त्यांना अखेरपर्यंत मान्य नव्हता. लोकांकडून नेलेला पैसा लोकांकडे परत आणला, अशी त्यांची साधी मांडणी होती.

तेव्हा ज्या मुलखात आजोबा आगगाडी अडवून देशभक्त ठरले, त्या मुलखातील नातू पडद्यावर आगगाडीचा दरोडा पाहतो तेव्हा त्याने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवावयाच्या? हा प्रश्न केवळ विनोदाचा नाही. कायदा एका बाजूस आणि न्याय दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग या भागाच्या वाट्यास एकदा नव्हे, अनेकदा आला. पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईकांनी कंपनी सरकारला वर्षानुवर्षे जेरीस आणले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली आणि सरकारी कागदात ते दरोडेखोर म्हणूनच राहिले. आश्चर्य असे की त्यांच्या बंदोबस्तावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनेच पुढच्या वर्षी रामोशी लोकांवर पुस्तक लिहिले. पाठलाग करणाऱ्याने पळणाऱ्याचे चरित्र लिहावे, ही गोष्ट एखाद्या पटकथाकाराला सुचली असती तर ती कृत्रिम म्हणून फेटाळली गेली असती.

पुढे १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कालांतराने मुंबई इलाख्यातही त्याचा फास आवळला गेला. अमुक जातीत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार, म्हणून त्याने रोज हजेरी द्यावयाची, हे या कायद्याचे सार होय. स्वस्त चित्रपटातील खलनायकाची जी व्याख्या असते, तीच येथे राज्याच्या कायद्याची व्याख्या झाली होती. तो दुष्ट का आहे, हे कोणी विचारावयाचे नाही. तो दुष्ट आहे, बस्स. या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा' लिहून या व्याख्येला उत्तर दिले. १९५९ची ही कादंबरी. राज्य शासनाचा पुरस्कार तिला १९६१ मध्ये मिळाला, आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच आहे. तथापि आप्तेष्टांचा छळ थांबावा म्हणून तो स्वतः होऊन इंग्रजांच्या स्वाधीन होतो तेव्हा, मुक्त असतानाही जे त्याच्याजवळ होते आणि त्याला पकडणाऱ्यांजवळ नव्हते ते काय, हे वाचकाला उमगते. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी लुटीतील सुरती रुपयांच्या दोन ओंजळी फकिराने घरात दिल्या, अशी हकिगत त्यांनी स्वतः नमूद केली आहे. लेखकाच्या बाळघुटीलाच लुटीचा पैसा होता! त्यांच्या 'वारणेचा वाघ' या कादंबरीवर १९७० मध्ये चित्रपट निघाला, आणि वारणाकाठच्या बंडखोराची कथा जत्रेतील तंबूंपर्यंत पोचली. या चित्रपटांची तांत्रिक बाजू लंगडी आहे, मारामारी कित्येकदा हास्यास्पद आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु माणूस डोंगरात का गेला, हा प्रश्न ते टाळीत नाहीत.

हा प्रश्न मराठी चित्रपटाला शिकविणारा मनुष्य याच लोहमार्गावर राहत होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. कादंबरीकार नारायण हरी आपटे मूळचे सांगलीकडचे; त्यांचे वास्तव्य मात्र कोरेगावी होते. त्यांच्या कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला, त्यांच्याच कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी १९३४ मध्ये 'अमृतमंथन' आणि १९३७ मध्ये 'कुंकू' काढले. या तीन चित्रपटांतील खलपुरुष लागोपाठ डोळ्यांपुढे आणले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सावकार, राजगुरू आणि वृद्ध नवरा या तिघांपैकी एकही परका नाही. तिघेही गावातले, किंबहुना घरातले आहेत. तिघांनाही समाज उठून नमस्कार करतो.

'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याची जमीन तलवारीने जात नाही, खोट्या कागदाने जाते. त्या शेतकऱ्याची भूमिका करणारा तरुण म्हणजे शांतारामच. जमीन गेल्यावर तो शहरात गिरणी कामगार होतो. हा चित्रपट निघाला त्याच्या पन्नास वर्षे आधी, १२ मे १८७५ रोजी, लोणंदपासून फार दूर नसलेल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला होता. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाला माहीत असलेला तो उठाव. दंगेखोरांनी मागितले ते कर्जरोखे. सावकाराने रोखे हवाली केले तर ते जाळून लोक बहुधा त्याला धक्का न लावता परत जात. माणूस सोडून कागद जाळण्याचा हा विवेक अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनी दाखविला! दुष्टपणा सावकाराच्या चेहऱ्यात नसून त्याच्या चोपडीत आहे, एवढे त्यांना कळत होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरी प्रश्न मिटला नाही. अवैध सावकारीविरुद्ध महाराष्ट्राला २०१४ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला, ही गोष्ट काय सांगते? सावकाराला अखेरच्या रिळात दरीत ढकलून देणारे शेकडो चित्रपट निघाले. त्या दरीतून तो पुन्हा वर आला आणि आठवड्याच्या बाजारात येऊन बसला.

'अमृतमंथन'ची गोष्ट आणखी खोल आहे. पशुबळी आणि नरबळी बंद करणाऱ्या राजाचा राजगुरू घात करवितो. मराठी चित्रपटात ही भूमिका केशवराव दाते यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे ते प्रसिद्ध दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल की त्या डोळ्यात लोभ नाही. द्रव्य नको, स्त्री नको, सिंहासनही स्वतःसाठी नको. आपण करतो तेच धर्म्य आहे अशी त्याची अढळ खात्री आहे, आणि तीच भयंकर आहे. पोर्टरच्या दरोडेखोराने प्रेक्षकांवर पिस्तूल रोखले होते; शांतारामांनी डोळा रोखला. पिस्तुलाच्या भीतीतून प्रेक्षक खेळ संपताच सुटतो. डोळ्याचे तसे नाही, कारण तसा डोळा त्याने आपल्या घरी, कदाचित आरशातही, पाहिलेला असतो. त्याच केशवरावांनी तीन वर्षांनी 'कुंकू'मधील काकासाहेब उभे केले. तरुण मुलीशी लग्न करणारा हा वृद्ध अखेर स्वतःचा अन्याय ओळखतो आणि प्राण देऊन तिला मोकळी करतो. 'कुंकू' हा साहसपट नव्हे, हे खरे. पण दुष्टाला स्वतःचे दुष्टपण कळणे, याहून मोठे साहस कोणत्या चित्रपटात दाखविले आहे?

१९३६चा 'अमरज्योती' तर निखळ साहसपट होता. समुद्र, गलबते, चाचे, कैदी, सारे काही होते. दुर्गाबाई खोट्यांची सौदामिनी चाचेगिरीकडे वळते ती तिच्या पोटच्या मुलावरील हक्क राज्याच्या न्यायाने नाकारला म्हणून. येथेही तोच धागा. न्यायाच्या आसनावरून अन्याय होतो आणि नायिकेला कायद्याच्या बाहेर जावे लागते. एक वर्ष आधी वाडियांच्या 'हंटरवाली'त नादियाने चाबूक उगारला तेव्हाही समोर दुष्ट होता तो राज्याचा मंत्रीच. त्या काळच्या प्रेक्षकांना या मंत्र्यांचे खरे नाव सांगावे लागत नसे.

ही खूण पटविण्याची कला मराठी प्रेक्षकाला चित्रपटाच्या आधी नाटकाने शिकविली होती. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे रंगमंचावर कोणी उच्चारले नव्हते. प्रेक्षागृहात मात्र ते सर्वांना कळले, आणि पुढे सरकारलाही कळले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. हीच कथा बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' या मूकपटात आणली. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. पुराणातील राक्षस अशा रीतीने जिवंत सत्ताधीशाचा मुखवटा होत असे, आणि तो मुखवटा ओळखण्याचे काम प्रेक्षकाचे असे. म्हणजे सुष्ट-दुष्टांची कथा भाबडी असते, हा सुशिक्षितांचा आवडता आक्षेप सरसकट खरा नाही. प्रेक्षक जागा असेल तर भाबड्या कथेलाही धार येते. मात्र मुखवटा तयार असला की तो कोणाच्याही तोंडावर चढविता येतो, हेही तितकेच खरे, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

मराठी साहसपटाचे सर्वांत मोठे शिल्पकार भालजी पेंढारकर. 'छत्रपती शिवाजी', 'पावनखिंड', 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा' या चित्रपटांनी दोन पिढ्यांना तलवारीचा खणखणाट आणि निष्ठेचा अर्थ शिकविला. त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु नकळत एक गोष्ट घडली. कोरेगावच्या आपट्यांचा खलनायक गावातला होता, तर ऐतिहासिक साहसपटाचा खलनायक हळूहळू गावाबाहेरचा होत गेला. भालजींच्या स्वतःच्या आयुष्याने मात्र वेगळाच दाखला दिला. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत १९४८ मध्ये कोल्हापुरातील त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. जाळणारे दिल्लीहून किंवा विजापुराहून आलेले नव्हते. त्याच दिवसांत सातारा आणि सांगलीकडील गावोगाव शेजाऱ्यांची घरे जळाली. प्रतिसरकारचा पराक्रम पाहिलेली ती गावे, पाच वर्षेही उलटली नव्हती.

हिंदीत १९७५चा 'शोले' ही या परंपरेची दुसरी कडा होय. गब्बरसिंगला भूतकाळ नाही. तो डोंगरात का गेला, त्याची जमीन कोणी घेतली होती काय, त्याच्या बापाला हजेरी द्यावी लागत होती काय, हे कोणी विचारीत नाही. म्हणूनच तो एवढा लोकप्रिय झाला असावा. त्याचा तिरस्कार करताना मनाला काही बोचत नाही. परंतु या चित्रपटाच्या शेवटाचा इतिहास बोलका आहे. मूळ कथेत हात गमावलेला ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. आणीबाणीतील सेन्सॉरला हे रुचले नाही. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे कसे चालणार? शेवट बदलला, पोलीस ऐन वेळी येऊन पोचले. ज्या काळात नागरिकांचे मूलभूत हक्क गुंडाळून ठेवले होते, त्या काळात पडद्यावर मात्र कायद्याचे राज्य काटेकोर पाळले गेले! मूळ शेवटासह हा चित्रपट २०२५ मध्ये इटलीत बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आला.

गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक साहसपटाला पुन्हा भरती आली आहे. 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' आणि हिंदीतील 'तान्हाजी' व 'छावा' यांनी चित्रपटगृहे भरली. मराठी मुले इतिहासाकडे वळली, ही त्यांची कमाई लहान नाही. पण या बहुतेक चित्रपटांतील शत्रूकडे पाहिले तर तो माणूस कमी आणि श्वापद अधिक वाटतो. त्याचे खाणे, हसणे, डोळ्यांतील काजळ, सारे जणू एकाच साच्यातून काढलेले. इतिहास असा एकरंगी नव्हता, आणि हे तपासण्यासाठी लोणंदकरांना फार दूर जावयास नको. शेजारच्या वाईचा सुभा अफझलखानाकडे होता. त्याचा वकील म्हणून महाराजांकडे गेला तो कृष्णाजी भास्कर. पन्हाळ्याचा सिद्दी जौहरचा वेढा मोडावयास १६६० मध्ये महाराजांच्या बाजूने लढला तो सिद्दी हिलाल, आणि त्या झुंजीत त्याचा तरुण मुलगा शत्रूच्या हाती सापडला. पुरंदरला वेढा घालणारे मिर्झाराजे जयसिंग शिवभक्त राजपूत होते. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी मारल्या गेलेल्या शत्रूची कबर आजही आहे. ज्याने शत्रूला मारले त्याच्याच राज्यात ती झाली. यांतील प्रत्येक प्रसंग नाट्याने ओथंबलेला आहे, आणि तरीही पटकथेत त्याला जेमतेम जागा मिळते. कारण तो प्रेक्षकाला थबकावयास लावतो, आणि थबकलेला प्रेक्षक टाळी वाजवीत नाही, असे निर्मात्यांचे गणित आहे.

हे गणित केवळ निर्मात्यांचे आहे, असेही नाही. २०२५ मध्ये 'छावा'त संभाजीमहाराजांच्या घाताशी शिर्के घराण्याचा संबंध दाखविला तेव्हा त्या घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुरावा किती, याचा वाद इतिहासकारांनी करावा आणि वंशजांच्या भावनाही समजून घ्याव्यात. परंतु एक फरक नजरेआड करता येत नाही. आपल्या आडनावाचा माणूस खलनायक झाला की पुराव्याची मागणी होते. परक्याच्या बाबतीत ती कोणी करीत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली आणि या चित्रपटाने लोकांच्या भावना चेतविल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात केला. चित्रपटाला दंगलीचा गुन्हेगार ठरविणे अन्याय्य होईल. तोही एक सोपा खलनायक शोधण्याचाच प्रकार. मात्र तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या शत्रूसाठी आजची दुकाने फुटतात, आणि कर्जरोख्यावर अंगठा घेणारा आजचा सावकार त्याच गर्दीत निर्धास्त उभा असतो, हे दृश्य आपट्यांनी पाहिले असते तर त्यांना कादंबरीचा विषय मिळाला असता.

जत्रेतील तंबू आता जवळजवळ गेले. ट्रकवर यंत्र लादून गावोगाव फिरणाऱ्या या चित्रपटगृहांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट निघाला आणि २०१६ मध्ये कान येथे त्याची वाखाणणी झाली, तेव्हाच त्यांची अखेर जवळ आली होती. तंबूत एक गोष्ट घडे. सारे गाव एकाच पडद्यापुढे बसे. सावकारही असे, कुळही असे. पडद्यावरील सावकाराला शिव्या पडू लागल्या की खऱ्या सावकाराला त्या ऐकून घ्याव्या लागत. आज लोणंदच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी हातातल्या फोनवर एकटाच चित्रपट पाहतो. त्याच्या शेजारी कोण बसले आहे, याची त्याला गरज उरलेली नाही.

शेणोलीच्या गाडीवर त्याच्यासाठी कोणी भव्य चित्रपट काढावयाचे मनात आणले, तर साहित्याला तोटा पडणार नाही. पाऊस तोंडावर आलेला असेल, कृष्णाकाठची काळी जमीन, वाफेचे इंजिन, पंचविशीही न गाठलेली पोरे. अडचण एकच येईल. गाडीचा चालक याच देशाचा असणार, डब्यातला कारकून याच मुलखातला, त्या पेटीतल्या पगारावर कोणाची तरी चूल पेटणार. गोरा अधिकारी त्या रात्री कोठेतरी दूर बंगल्यावर निजलेला. मग दिग्दर्शकाने खलनायकाचा पोशाख कोणाच्या अंगावर चढवावा?